दोर पाहुण्यांसाठी, फडकं घरच्यांसाठी

टीफमाटन, ६ जानेवारी

लेआंडर,

नाताळात धाडलेलं पत्र न उघडता परत आलं. पाकिटावर तुझ्या हातचा एकच शब्द, ‘परत’. मास्तरांनी इतके कान उपटले तरी तुझं अक्षर काही सुधारलं नाही. असो. तू उघडणार नाहीस हे कळल्यावर मला लिहायला उलट मोकळं वाटायला लागलंय, तेव्हा लिहितो.

आज तीन राजांचा सण. तुझ्या वहिनीने गोड पाव भाजला आणि आत लपवलेला चिमुकला राजा नेमका माझ्या तुकड्यात निघाला. डोक्यावर कागदी मुकुट घालून जवाचं सूप ओरपत बसलो होतो. त्रेसष्ट वर्षांचा गाढव.

इथलं काय सांगू? बर्फाचा पत्ता नाही. सगळं कुरण हिरवं आणि त्यातून यंत्राने थुंकलेल्या बर्फाची एक पांढरी पट्टी खाली येते, जखमेवर बांधल्यासारखी. त्या पट्टीवर चार हजार माणसं. सकाळी अकराला वरच्या हॉटेलच्या गच्चीवर कर्णे लागतात, ते चारपर्यंत. काल एका बाईने कुत्र्याला चष्मा घालून आणलं होतं. एक पाहुणा लिफ्टच्या पाळण्यातच ओकला, वर मलाच म्हणाला, ‘पुसून घ्या.’ पुसलं. एकेचाळीस वर्षं रोज सकाळी कुठला उतार उघडायचा आणि कुठला बंद करायचा हे ठरवणारा माणूस मी, पाळणा पुसत होतो. मासळीबाजारात विचारतात तसं विचारतात मला, बर्फ ताजा आहे का म्हणून. शिसारी आलीय या सगळ्याची.

तू गाई विकून खाली थून शहरात गेलास ते एका अर्थी बरंच केलंस.

आता मुद्द्याचं. तुझ्या प्लोनीने अपील केलंय असं कानावर आलं. तेरा मार्चची तारीख आहे म्हणे. लेआंडर, माझं ऐक, अपील मागे घ्या. शिक्षा सहा महिन्यांची, तीही तहकूब. पोरगी काही तुरुंगात गेलेली नाही. स्की शिकवायचा परवाना गेला, तो गेला. सव्वीस वर्षांची आहे, दुसरं काही करील. जे झालं ते सरळ आहे: काळ्या घळीच्या तोंडाशी मी दोर लावला होता. ती पाहुण्याला घेऊन दोराखालून गेली, बर्फाचा लोट आला, तो आंटवर्पचा दातांचा डॉक्टर मेला. दोर होता. दोरावर पाटी होती. आता त्यात काय उकरायचं?

आणि ते फडक्याचं. कोर्टात मी सांगितलं तेच तुलाही सांगतो. बाबांच्या वेळी होती ती पद्धत, कबूल. बर्फ पातळ असला, दगड वर आले असले की नुसता दोर. तो पाहुण्यांसाठी. आपण तो उचलून खालून जायचो, लहानपणी तू आणि मी शंभरदा गेलो असू. पण डोंगरच बिघडलेला असला की बाबा दोराच्या मध्यावर आईच्या जुन्या परकराचं तांबडं फडकं बांधायचे, मग खुद्द बाबाही जायचे नाहीत. ‘दोर पाहुण्यांसाठी, फडकं घरच्यांसाठी.’ पण ती गोष्ट बाबांबरोबर गेली. प्लोनीने ती तुझ्याकडून ऐकली असेल आणि डोक्यात धरून बसली असेल. फडकं नव्हतं म्हणून गेले, हे काय कोर्टात सांगायचं उत्तर झालं?

वहिनीचा नमस्कार. तिने सांगितलेला नाही, मीच लिहितोय.

अँब्रोस

*

टीफमाटन, २१ जानेवारी

लेआंडर,

सहा तारखेचं पत्रही परत. पोस्टमन आता दारातूनच हात हलवतो. सगळ्या गावाला कळलंय.

आज तुमच्या वकीलबाईंचं पत्र आलं. विचारतात, ‘तांबडं कापड बांधण्याची प्रथा गेल्या हंगामात चालू होती का, आणि नऊ फेब्रुवारीच्या सकाळी ते कापड कुठे होतं?’ प्रथा म्हणे. शहरातल्या माणसाला डोंगरात काहीही दिसलं की ती प्रथा.

मी एकदा शपथेवर सांगून झालोय. तेच परत सांगणार. मला या वयात खोटं पाडायला निघालात? बर्फात हात घालून तुझ्या पोरीला बाहेर कोणी काढलं, हे त्या बाईंना ठाऊक आहे का? विचार तिला.

अँब्रोस

*

टीफमाटन, ५ फेब्रुवारी

लेआंडर,

आज संत आगाथाचा दिवस. चर्चमध्ये पाव मंत्रून घेतला, घराला आग लागू नये म्हणून. तुझ्या रिकाम्या घराच्या दाराशीही एक ठेवून आलो. कावळ्यांनी नेला असेल.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो आणि सगळ्यांच्या माना मोजल्या. नोव्हेंबरात कोर्टाने आमच्यापैकी नऊ जणांना बोलावलं होतं, नऊच्या नऊ जणांनी सांगितलं की फडकं वगैरे काही नसतं. माझी सोडून आठच्या आठ माना आज पुढे प्रार्थनेत वाकलेल्या. लाज कोळून प्यालेत साले. पाव घ्यायला सगळ्यांनी हात पुढे केले, मीही.

का बोलले नाहीत हे तुला सांगायला नको, पण सांगतो. गावचीच माणसं दोराखालून जातात आणि त्यासाठी गावचीच एक वेगळी खूण आहे, हे कागदावर आलं असतं तर विमेवाले हात वर करून मोकळे झाले असते. लिफ्ट बंद, हॉटेलं बंद, स्की-शाळा बंद. साक्षीच्या आदल्या दिवशी लिफ्ट कंपनीच्या डायरेक्टरने, त्या वाल्पेनने, आम्हाला जेवायला घातलं. चीज वितळवलं, बटाटे, वर जर्दाळूची दारू. फडक्याचं नावसुद्धा काढलं नाही त्याने. फक्त म्हणाला, ‘आपलं गाव लहान आहे, मंडळी.’ झालं. अळीमिळी गुपचिळी. मी तिसरा पेला घेतला. त्या चीजचा वास अजून नाकातून जात नाही.

तू वाचणार नाहीस, म्हणून हेही लिहून टाकतो. पद्धत बाबांबरोबर गेली असं मी म्हणालो ते खरं नाही. गेल्या वर्षीपर्यंत चालू होती, फडकं मीच बांधायचो. वाल्पेननेच ते बंद करायला लावलं. विम्याचा कोणी माणूस वर आला होता, त्याने विचारलं हे लाल काय आहे, आणि दुसऱ्या दिवशी मला हुकूम झाला की उद्यापासून फडकं नको. म्हणून त्या सकाळी फडकं नव्हतं. मी हुकमाचा ताबेदार. पापाचं गाठोडं असलंच तर ते वाल्पेनच्या डोक्यावर.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितलेली नाही. आम्ही खणत होतो तेव्हा आधी तिचा हातमोजा दिसला, मग केस. मी तोंडावरचा बर्फ बोटांनी काढला. ओठ निळे पडलेले. डोळे उघडल्यावर ती पहिलं काय बोलली माहीत आहे? पाहुणा कुठे आहे हे नाही, आई नाही, बाबा नाही. म्हणाली,

“काका, फडकं नव्हतं ना?”

मी म्हटलं, “बोलू नकोस, दम राख.”

अँब्रोस

*

टीफमाटन, १० फेब्रुवारी

काल वर्ष झालं. घळीच्या तोंडाशी त्या डॉक्टरची बायको आली होती. फुलं ठेवली, मग मला विचारलं की इथून स्वच्छतागृह कुठे आहे. मी बोट दाखवलं. एवढंच बोलणं.

वाल्पेनचं मी लिहिलं ते तसं नाही. त्याने फडकं बंद करायला सांगितलं हे खरं, पण नऊ तारखेच्या आधी नाही. बाराला सांगितलं. लोट येऊन गेल्यावर, तिसऱ्या दिवशी.

अ.

*

टीफमाटन, २४ फेब्रुवारी

लेआंडर,

शेवटी बर्फ आला. दोन दिवसांत कमरेइतका, वर वारा. तुला सांगायला नको की असा बर्फ कसा बसतो. खालचा थर साखरेसारखा सुटा आणि वर ही जड गादी. सकाळी घळीच्या वर उभा राहिलो, काठी खुपसली, तर पायाखालून ‘हुंऽ’ आवाज आला. म्हणजे डोंगर बिघडलेला.

दोर लावला. पाटी लावली. मग घरून नेलेला तांबडा रुमाल खिशातून काढला आणि दोराच्या मध्यावर बांधला. वर्षभरात पहिल्यांदा. वाल्पेन गेला खड्ड्यात, म्हटलं, बघू काय होतं ते.

मग दुसऱ्या उतारावर जायचं होतं, ते गेलोच नाही, दोराजवळच उभा राहिलो. देवाने बुद्धी दिली असावी. दहा मिनिटांनी झीटा आली. प्लोनीबरोबर शाळेत होती ती, बेकरीवाल्यांची, आता प्लोनीच्याच जागी शिकवते. मागे पाहुण्यांची पाच पोरं, बदकाच्या पिलांसारखी ओळीने, सगळ्यात लहान असेल सहा वर्षांचं. झीटाने रुमालाकडे बघितलं. अगदी नीट बघितलं, लेआंडर. आणि दोर उचलला.

मी तिच्या स्कीवरच जाऊन उभा राहिलो. ओरडलो, डोळे फुटले का तुझे, फडकं दिसत नाही? तिने आधी मागच्या पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळू आवाजात म्हणाली,

“फडकं कुठलं, अँब्रोसकाका? तुम्हीच ना शपथेवर सांगितलंत, असलं काही नसतं म्हणून? मला वाटलं तुमचा रुमाल वाळत घातलाय.”

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट काही बोललो असतो. वाल्पेनने बारा तारखेनंतर स्की-शाळेत सगळ्यांना बोलावून सांगितलंय की फडक्याला काही अर्थ नाही, कोणी विचारलं तर कधीच नव्हता म्हणा. पोरांनी ते मनावर घेतलं. आता वर काहीही बांधा, कोणाला काही कळत नाही. आणि दोराखालून जायचं मात्र कोणी सोडलेलं नाही. आम्ही खोटं बोललो ते एक वेळ सोड, आम्ही खूणच मारून टाकली. बाबांनी चाळीस वर्षं जपलेली खूण नऊ माणसांनी एका दुपारी मारली, चीज खाऊन.

पोरांना मी मागे फिरवलं. झीटा कुरकुरली, तिला घळीतला फोटो काढून हवा होता. पाऊण तासाने घळीतला लोट खाली आला. आपोआप, कोणी पाय न ठेवता. आवाज ऐकून वरच्या गच्चीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. फोन वर धरून.

मी पाळण्याच्या यंत्रघरामागे जाऊन ओकलो. वर्षभर पाहुण्यांची किळस, गावाची किळस, वाल्पेनची किळस म्हणून ऊर बडवत होतो. ओकारी आली ती माझी मला आली.

अँब्रोस

*

टीफमाटन, १२ मार्च

लेआंडर,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. का ते शेवटी सांगतो, आधी सगळं क्रमाने लिहू दे. न उघडणाऱ्या भावाशीसुद्धा मी तीन महिने खोटं बोललो, पाकीट बंद करून खोटं बोललो. इतका सराव झालाय.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला कंपनीने आम्हाला नवी जाकिटं दिली. तुला आठवतील, पिवळीधमक, पाठीवर घड्याळवाल्यांचं नाव. मी सगळ्यांसमोर नाक मुरडलं, म्हटलं आता आम्ही चालत्या जाहिराती झालो. पण घरी आरशासमोर घालून बघितलं. वहिनीने बघितलं मला बघताना. आवडलं होतं मला ते, लेआंडर. एकेचाळीस वर्षांत कोणी मला अंगावर बसणारं काही दिलं नव्हतं.

नऊ तारखेला त्या जाकिटांचा फोटो काढायचा होता, कंपनीच्या माहितीपत्रकासाठी. नऊ वाजता, वरच्या हॉटेलपाशी. मी साडेआठला घळीवर गेलो. डोंगर बिघडला होता. ते मला काठी न खुपसताही कळलं होतं. दोर लावला, पाटी लावली आणि फडक्यासाठी खिशात हात घातला. खिसा नवा. रिकामा. फडकं जुन्या जाकिटात, जुनं जाकीट घरी खुंटीवर.

खाली जाऊन वर यायला अर्धा तास लागला असता. फोटो चुकला असता. गळ्यातला मफलर बांधता आला असता, तो निळा होता, पण मध्यावर काही बांधलेलं दिसलं असतं तरी प्लोनी थांबली असती, ती असल्या बाबतीत बाबांवर गेलीय. मफलर मला फोटोत हवा होता. बिनतारी यंत्रावरून स्की-शाळेला सांगता आलं असतं, घळीत कोणी जाऊ नका, फडकं लागलंय समजा. तेवढं एक वाक्य. पण मग सगळ्यांनी ऐकलं असतं, अँब्रोस फडकं विसरला. संध्याकाळी पत्ते खेळताना वर्षभर पुरलं असतं त्यांना. म्हटलं, इतक्या सकाळी कोण येतंय इकडे.

फोटो काढला. मी मधे उभा होतो. नंतर कॉफी घेतली, तीत थोडी दारू. पेला अर्धा झाला होता तेव्हा आवाज आला.

बस. एवढंच आहे. याच्यात वाल्पेन नाही, विमेवाला नाही, हुकूम नाही. कोर्टात मी गाव वाचवायला खोटं बोललो असं मला लोक सांगतात, पाठीवर थाप मारतात. मी हसून घेतलं ते. मी माझी फजिती लपवायला खोटं बोललो. आणि माझी पुतणी, जिने बाबांचा शब्द पाळला, दोर बघितला, फडकं शोधलं, नाही म्हणून गेली, ती एका माणसाच्या मरणाची गुन्हेगार झाली. प्लोनी थूनला एका इस्पितळात चादरी धुते आणि बर्फ पडला की खिडकीचा पडदा ओढते, असं तुझ्या शेजाऱ्याकडून कळलं.

झीटाच्या प्रसंगानंतर दोन दिवस मी कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी खुंटीवरून जुनं जाकीट काढलं. वर्षभर त्याला हात लावला नव्हता. खिशात हात घातला तर फडकं होतं. पण ते मी ठेवलेलं फडकं नव्हतं, म्हणजे चोळामोळा केलेलं, ग्रीस लागलेलं. धुतलेलं होतं. इस्त्री केलेलं, चौघडी घालून ठेवलेलं.

मी ते हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तुझी वहिनी राईचा पाव कापत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

“कधी सापडलं तुला?” मी विचारलं.

“त्याच संध्याकाळी,” ती म्हणाली. “तुम्ही प्लोनीपाशी इस्पितळात होता तेव्हा.”

“आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. नंतर कोर्टात तुमचं ऐकलं, मग वाट बघायची सोडली.” तिने पाव कापणं थांबवलं नाही. “घाण ठेवायची सवय नाही मला, म्हणून धुतलं.”

एक वर्ष, लेआंडर. त्या बाईने एक वर्ष माझ्या ताटात सूप वाढलं, शेजारी झोपली, तीन राजांच्या दिवशी माझ्या डोक्यावर मुकुट ठेवला. मी कोण आहे हे जाणून. मला तिचा राग यायला हवा, तो येत नाही. तिने मला मुकुट घातला तेव्हा ती हसली नव्हती, हे आता आठवतंय.

परवा मी वाल्पेनला जाऊन सांगितलं. तो आधी घरचा माणूस झाला, मग साहेब झाला, मग म्हणाला की शपथेवर खोटं बोलल्याबद्दल आत जाशील, म्हातारपणी. मी म्हटलं, बरं. मग म्हणाला की आता तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार, आयत्या वेळी पुतणीसाठी पाघळलास असंच म्हणतील, फडकं काय, कोणीही उद्या एक तांबडी चिंधी घेऊन येईल. हे मात्र त्याचं खरं होतं. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. सकाळी टपालाच्या टोपलीकडे लक्ष गेलं.

सहा पाकिटं. नाताळचं एक आणि ही पाच. पहिली चार तू परत धाडलीस, दहा आणि चोवीस फेब्रुवारीची थूनला पोस्टानेच तुझ्या वतीने परत फिरवली. सहाही चिकटवलेली, सहाही बंद. प्रत्येकावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख. आयत्या वेळी पाघळलो म्हणणाऱ्याला विचारता येईल, आगाथाच्या दिवशी मी कोणासाठी पाघळलो होतो? त्याच्या महिनाभर आधी तर मी तुला अपील मागे घे म्हणत होतो. त्यात खोटं आहे तेही तसंच राहू दे, ते खोटं कसं एकेक पायरी उतरत गेलं हेही न्यायाधीशांना दिसू दे. तू रागाने पाकिटं उघडली नाहीस, त्याचे उपकार झाले. उघडली असतीस तर आज त्यांना कवडीची किंमत नव्हती.

वकीलबाईंना दुपारी फोन केला. त्या म्हणाल्या, पाकिटांना हात लावू नका, तशीच आणा.

उद्या अपिलाची तारीख, सकाळच्या पहिल्या गाडीने खाली उतरतो. हे सातवं पत्र उघडंच आणतोय, ते तुझ्या हातात देईन. जुनं जाकीट घालून येणार आहे, फडकं खिशात आहे. वहिनीही येते म्हणाली, पण माझ्या शेजारी बसणार नाही, प्लोनीच्या मागे बसेन म्हणाली. ते बरोबर आहे.

प्लोनीला एवढं सांग की त्या दिवशी बर्फात तिने मला जे विचारलं, त्याचं उत्तर मी उद्या देणार आहे. सगळ्यांसमोर, मोठ्याने. नव्हतं, पोरी. फडकं नव्हतं.

अँब्रोस